बोथट सुरी सुरक्षित नसते

गेले काही दिवस लातूर-बीडकडच्या बचत गटांच्या, भजनी मंडळांच्या आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर ‘गृहिणींसाठी अत्यंत महत्त्वाचे’ असं लिहिलेलं. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: घरात बायका-लेकरं असतील तर सुरी-विळी बोथटच ठेवावी, म्हणजे हात कापत नाही. धार लावायचीच झाली तर ॲल्युमिनियमची फॉइल कापावी, धारवाल्याला पैसे देऊ नयेत. स्टीलच्या सुरीला गंज चढत नाही म्हणून तिचं काही करावं लागत नाही; लोखंडी विळी मात्र रात्रभर मीठ-लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवावी. लाकडी पाटावर जंतू असतात म्हणून ओट्याच्या ग्रॅनाइटवरच चिरावं. ९ इंचांहून लांब पातं घरात सापडलं तर पोलीस केस होते. हात कापला तर हळद किंवा कॉफी दाबावी. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन गंजलेल्या लोखंडानं कापलं असेल तरच घ्यावं.

मी लातुरात शिकायला आलेल्या मुलांची खानावळ चालवते. उजाडायच्या आत कांद्याच्या गोणीपासून सुरुवात होते आणि दिवसभर आमच्याकडच्या बायकांच्या हातात पातं असतं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या घरचे ऊसतोडीला जातात, म्हणजे स्वयंपाकघरातली सुरी आणि फडातला कोयता दोन्ही एकाच घरातले. हा मेसेज त्यांच्यापैकीच एकीनं मला दाखवला आणि म्हणाली, “बघा ताई, मी म्हणलं नव्हतं का, धारीनं बोटं जातेत.” तिला त्या दिवशी जे सांगितलं तेच इथं नीट मांडते. मेसेजमधल्या एक-दोन गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, बाकीच्या चुकीच्या आहेत, आणि शेवटची जिवावर बेतणारी आहे.

“सुरी बोथट असली की हात कापत नाही”

हा समज सगळ्यात जुना आणि सगळ्यात पक्का, म्हणून इथं जरा जास्त थांबते.

पातं कापतं, कारण आपण लावलेला जोर अगदी बारीक रेषेवर एकवटतो. चांगल्या धारेचा काठ एखाद्या मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड. धार गेली की हा काठ गोलसर होतो, रुंदावतो, आणि तेवढंच कापायला कितीतरी जास्त जोर द्यावा लागतो. हा जास्तीचा जोर खांद्यातून आणि अंगाच्या भारातून येतो. अंगाच्या भारानं निघालेलं पातं मध्येच घसरलं तर ते आवरणं मनगटाच्या आवाक्यात राहत नाही.

लाल भोपळा चिरताना बघा. बोथट सुरी सालीवर ठेवून दाबली तर साल दबते, पण फाटत नाही. मग बाई टाचा उचलते, दुसऱ्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर ठेवते आणि सगळा भार टाकते. पातं दोन बोटं आत जातं आणि अडकून बसतं. ते काढायला डावीकडे-उजवीकडे हिसके सुरू होतात. भोपळा गोल, खालून घरंगळतो. पातं सुटतं तेव्हा एकदम सुटतं, आणि भोपळा धरलेला हात नेमका त्याच्या वाटेत असतो. आमच्याकडे झालेली सगळ्यात मोठी जखम अशीच झाली, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात, वेडीवाकडी, फाटल्यासारखी. टाके घालताना डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, की सुरी कसली होती. धारदार पात्याची जखम सरळ असते, तिच्या कडा एकमेकींना जुळतात. बोथट पातं कातडी ओरबाडत जातं.

भोपळ्यासाठी पातं लांब आणि धारदार हवं, आणि आधी एका बाजूनं पातळ काप काढून भोपळा त्या सपाट बाजूवर बसवायला हवा. घरंगळणारी कुठलीच वस्तू तशीच चिरायची नाही. बटाटा, बीट, कांदा, सगळे आधी अर्धे करा आणि सपाट बाजू खाली घाला. कांद्यावर तर बोथट सुरी वरच्या गुळगुळीत पापुद्र्यावरून सटकते ती थेट बोटांवर येते. शिवाय कांदा चिरला न जाता चेंगरतो, रस जास्त सुटतो, डोळे जास्त झोंबतात, आणि मग धूसर दिसत असताना चिरणं चालू राहतं.

फडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. धारूर, वडवणी, पाटोदा, केज या भागातून दर हंगामात कारखान्यांवर जाणारी जोडपी कोयत्याला कानस मारल्याशिवाय उसाला हात लावत नाहीत. उजव्या हातात कोयता, डाव्या हातात ऊस, वाकून बुडख्याशी घाव, आणि डावा पाय तिथंच जवळ. धार असली तर एका घावात ऊस सुटतो. नसली तर कोयता कांड्यावरून उसळतो आणि नडगीवर येतो. दिवसभर वाकून काम करणाऱ्या त्या बाईच्या जिवाला बोथट कोयता हा सगळ्यात मोठा घोर असतो.

मेसेजच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. धार लावून आणलेल्या दिवशी हात कापायचे प्रसंग खरोखर घडतात. कारण हाताला जुन्या सुरीला लागणाऱ्या जोराची सवय झालेली असते. त्याच जोरानं नवी धार सर्रकन खाली उतरते. म्हणून धार लावली की घरात सगळ्यांना सांगायचं, “आज धार लावलीय, हलक्या हातानं.” आधी काकडी किंवा टोमॅटो सावकाश चिरून हात बसवायचा. आणि धार वरचेवर थोडी थोडी लावत राहिलं तर एका दिवसात एवढा फरक पडतच नाही.

धरायची रीतही सांगून टाकते. भाजी धरलेल्या हाताच्या बोटांची टोकं आत वळवायची, मधले सांधे पुढे, अंगठा मागे. पातं त्या सांध्यांना टेकून वर-खाली जातं, नखापर्यंत पोचतच नाही. विळीची रीत वेगळी: पातं जागच्या जागी, भाजी दोन्ही हातांनी त्याच्यावर जाते, म्हणून पाट पायाखाली घट्ट दाबलेला पाहिजे आणि शेवटचा बोटभर तुकडा विळीवर चिरायचा मोह टाळला पाहिजे. उठताना विळी आडवी, पातं भिंतीकडे. आपल्या आज्या उभी विळी सोडून कुणाला उठू द्यायच्या नाहीत. सुरी कुणाच्या हातात थेट द्यायच्या नाहीत, खाली ठेवायच्या आणि समोरच्याला उचलायला लावायच्या. हातात दिली तर भांडण होतं असं सांगायच्या. कारण काहीही सांगोत, ती रीत अगदी बरोबर होती आणि आजही पाळावी. आणि सुरी हातून निसटली तर झेलायला जायचं नाही. हात वर, पाय मागे. फरशीचा टवका उडाला तर उडू द्या.

लेकरांचं म्हणाल तर बोथट सुरी देऊन त्यांना चुकीचीच सवय लागते, जोर लावायची. शेजारी बसवून, लहान पण धारेची सुरी देऊन केळं, मग उकडलेला बटाटा, मग काकडी, असं शिकवलं तर हात तयार होतो. जोवर कुणी शेजारी नाही तोवर पातं त्यांच्या हाती लागणार नाही असं ठेवायचं, हे वेगळं सांगायला नको.

“फॉइल कापली की धार लागते, धारवाल्याला पैसे कशाला”

धार लावणं म्हणजे पात्याचं थोडं पोलाद घासून काढून नवा काठ उघडणं. हे काम पात्याहून कठीण वस्तूच करू शकते. ॲल्युमिनियम पोलादापुढे फार मऊ. फॉइलच्या दहा घड्या कापल्या तर काठावरचा मळ निघेल, किंचित वळलेली कड जरा सरळ होईल, आणि सुरी दोन दिवस बरी चालल्यासारखी वाटेल. नवी धार त्यातून येत नाही. याच जातीचा दुसरा उपाय म्हणजे चिनी मातीच्या कपाचं बूड. त्याच्यात मात्र तथ्य आहे. कपाच्या बुडाची जी गोल कडा खरखरीत, बिनचकाकीची असते ती पोलादापेक्षा कठीण असते, आणि अडीअडचणीला तिच्यावर चार हात मारले तर सुरी सुधारते. पण तो तात्पुरता इलाज.

घरी ठेवायचा तो दुहेरी काळा दगड, एका बाजूनं खरखरीत, दुसऱ्या बाजूनं बारीक. हार्डवेअरच्या दुकानात ‘कार्बोरंडम’ म्हणून मागितला की मिळतो. हे सिलिकॉन कार्बाइड १८९१ मध्ये एडवर्ड ॲचिसन या अमेरिकन माणसानं भट्टीत तयार केलं, आणि तेव्हापासून धार लावायच्या जुन्या दगडांची जागा बऱ्याच ठिकाणी त्यानं घेतली. दगड पाण्यात भिजवा, खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही. सुरी दगडावर आडवी झोपवा आणि तिची पाठ उचला: रुंद पात्याखाली करंगळी शिरेल एवढी, लहान सुरीला त्याच्या निम्मी. हा कोन साधारण १५ ते २० अंशांचा होतो. कोन न बदलता, मुठीकडून टोकापर्यंत, हलक्या हातानं. एका बाजूनं पुरेसं घासलं गेलं की दुसऱ्या बाजूच्या काठावर अगदी बारीक कड वळलेली लागते. ती बघायची तर बोट काठाच्या लांबीवरून कधीच फिरवायचं नाही. पाठीकडून काठाकडे, आडवं, बाहेर सरकवायचं. पूर्ण लांबीवर ती कड लागली की बाजू बदला. मग दगडाची बारीक बाजू घेऊन दोन्हीकडून आळीपाळीनं हलके हात मारले की ती कड निघून जाते. पारख करायला अंगठा नको, पिकलेला टोमॅटो घ्या. सुरीच्या नुसत्या वजनानं साल चिरली गेली पाहिजे. विळीचं पातं पाटात पक्कं असतं, म्हणून तिथं दगड हातात धरून पात्यावर फिरवायचा, आणि बोटं दगडाच्या काठाखाली येऊ द्यायची नाहीत.

आता धारवाल्याचं. सायकलच्या पायट्यावर चाक फिरवणारा धारवाला असो, गावातला लोहार असो की रस्त्याकडेला भाता लावून बसलेली घिसाड्यांची पालं असोत, कोयता, खुरपं, विळा पाजवून घ्यायला हीच माणसं लागतात. घरच्या दगडावर कोयता होत नाही. त्यांच्या कामात बघायची गोष्ट एकच: चाकावर धरलेलं पातं तापू देतात का. पोलादाला लोहारानं पाणी दिलेलं असतं, त्यानं ते कठीण होतं. चाकावर ठिणग्या उडवत पातं जास्त वेळ दाबून धरलं आणि काठ निळा पडला, तर समजायचं की तिथं पारा ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला आणि पाणी उतरलं. ती धार आठवडाभरही टिकत नाही, मग आपण म्हणतो सुरीच खराब. जाणता कारागीर दोन-तीन फेऱ्यांनी पातं पाण्याच्या डब्यात बुडवतो. असा माणूस सापडला तर त्याच्या पैशात घासाघीस करू नये.

“स्टीलला गंज चढत नाही, लोखंडी विळी रात्रभर मीठ-लिंबाच्या पाण्यात ठेवा”

इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारं पोलाद ओतलं, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो सुऱ्या-काट्यांसाठीच. त्यात निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो आणि तो आतलं लोखंड झाकतो. हा पापुद्रा फोडणारी घरातली सगळ्यात हुकमी वस्तू म्हणजे मीठ. मीठ लागलेली, लोणच्याच्या खारात ठेवलेली किंवा बोअरच्या क्षाराच्या पाण्यात तासन् तास पडलेली सुरी बघा, तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके पडलेले दिसतील. ते खड्डे असतात, आणि काठावर पडले की तिथं धार तुटते. मराठवाड्यात उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी बोअरचंच पाणी असतं, म्हणून आपल्याकडे स्टीलची सुरीही धुतल्या-धुतल्या पुसलीच पाहिजे.

सुरी खरकट्या भांड्यांच्या टबात टाकू नये याला गंजाहून मोठं कारण आहे. फेसाच्या पाण्याखाली पातं दिसत नाही, आणि भांडी घासणारी बाई त्यात पूर्ण हात घालते. आमच्याकडे नियम आहे की जिनं सुरी वापरली तिनंच ती तिथल्या तिथं धुवायची, पाठीकडून काठाकडे पुसायची आणि जागेवर लावायची.

मीठ-लिंबाच्या पाण्याचं अर्धसत्य असं, की आंबट पदार्थ गंज विरघळवतो हे खरं. पण गंज संपला की आंबट तिथं थांबत नाही, चांगलं लोखंडही खायला लागतो, आणि मीठ त्याला मदतच करतं. सकाळी विळी काळपट, खरबरीत आणि बिनधारेची निघते. शिवाय पातं जिथं पाटात बसवलेलं असतं त्या फटीत पाणी मुरतं, लाकूड फुगतं, आतून गंज धरतो आणि काही महिन्यांत पातं डुगडुगायला लागतं. डुगडुगणारी विळी आणि खिळखिळ्या मुठीचा कोयता, दोन्ही त्याच दिवशी बाजूला काढायचे, नीट करून घेतल्याशिवाय वापरायचे नाहीत. गंज काढायला चिंचेचा कोळ किंवा लिंबाची फोड चोळायची, दहा-पंधरा मिनिटांत राखेनं घासून धुवायची, लगेच कोरडी करायची आणि तेलाचं बोट फिरवायचं.

तेल कुठलं, याला आपल्या भागात महत्त्व आहे. आपल्याकडे हाताशी असतं ते करडईचं. खायला उत्तम, पण त्यातला फार मोठा भाग लिनोलिक आम्लाचा असतो आणि असं तेल हवेत पातळ थरात राहिलं की घट्ट होत जातं. रंग-रोगणाच्या धंद्यात ते म्हणूनच वापरतात. रोज वापरायच्या विळीला चालेल. पण हंगाम संपल्यावर माळ्यावर टाकायच्या कोयत्याला करडईचं किंवा जवसाचं तेल लावलं तर पुढच्या वेळी चिकट पिवळा थर खरवडत बसावं लागतं. खोबरेल वाळत नाही. थंडीत थिजतं, पण थिजलेलं खोबरेलही पातं झाकतंच. खंडेनवमीला आपण विळे-कोयते धुऊन पूजतोच, त्या दिवशी गंज, मूठ आणि तेल या तिन्ही गोष्टी बघायची सवय लावली तर अवजार वर्षभर साथ देतं.

“लाकडी पाटावर जंतू, ग्रॅनाइटवर चिरा”

ग्रॅनाइटमध्ये गारेचे कण असतात आणि ते सुरीच्या पोलादापेक्षा कठीण असतात. त्याच्यावर पातं टेकलं की धार मुडपते. काचेच्या पाटाचंही तेच. वर सुरी गुळगुळीत दगडावरून सरकते ते वेगळंच. लाकडातल्या जंतूंबद्दल अमेरिकेत डीन क्लाइव्हर यांनी १९९०च्या दशकात प्रयोग केले होते. लाकडात शिरलेले जंतू वर न येता आतच मरत जातात, उलट सुरीचे चरे पडलेल्या प्लॅस्टिकच्या पाटातले जंतू हातानं धुऊनही नीट जात नाहीत, असं त्यात दिसलं. चांगल्या लाकडाचा पाट घ्या, धुऊन उभा वाळवा, आणि मटण-कोंबडीचा पाट वेगळा ठेवा.

पोलीस केसचं दोन ओळीत. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे हे खरं, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून स्पष्ट वगळलेली आहेत. स्वयंपाकघरातली मोठी सुरी आणि घरातला ऊसतोडीचा कोयता ठेवल्यानं कुणी गुन्हेगार होत नाही. तो चौकात परजत फिरलं तर गोष्ट वेगळी.

“हात कापला की हळद किंवा कॉफी दाबा”

रक्त थांबतं ते दाबल्यानं. हळद लावताना आपण जखम दाबून धरतो, म्हणून श्रेय हळदीला जातं.

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा मला अभिमान आहे आणि माझ्या वरणात तीच पडते. पण हळद कशी तयार होते ते हिंगोलीकडच्या कुणालाही विचारा. कंद शिजवतात, उघड्यावर वाळत घालतात, मग घोळून दळतात. त्यात धूळ-माती येणारच. स्वयंपाकात ती शिजते, जखमेत ती तशीच जाते. कॉफी, चहापत्ती, चुना, टूथपेस्ट, राख, तंबाखू, यांचंही तेच. जखमेत भरलेली पूड टाके घालण्याआधी डॉक्टरांना खरवडून काढावी लागते, आणि ते कापण्यापेक्षा जास्त दुखतं. शेतात दगडीपाला चोळून लावायची जुनी रीत आहे. त्या पाल्यात गुण असतीलही, पण बांधावरून, पायाखालून उपटलेला पाला म्हणजे त्याच्याबरोबर मातीही.

काय करायचं ते असं. स्वच्छ धुतलेलं फडकं जखमेवर ठेवून घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडू नका. मध्येच थांबलं का म्हणून उघडून बघितलं की धरलेली गुठळी सुटते. फडकं भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. रक्त थांबल्यावर पिण्याच्या पाण्याच्या धारेखाली जखम नीट धुवा, साबण भोवतीनं लावा, कोरडी पट्टी बांधा. बोटाला सुतळी आवळायची नाही.

दवाखान्यात कधी जायचं? दाबूनही रक्त थांबत नसेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, बोटाच्या टोकाला बधिरपणा असेल, किंवा बोट वाकत वा सरळ होत नसेल तर. शेवटच्या दोन खुणा फार लोक सोडून देतात. जखम लहान दिसते, रक्त थांबलेलं असतं, पण आतला मज्जातंतू किंवा कंडरा (बोट हलवणारी आतली दोरी) तुटलेली असते. पहिल्या दिवशी ती जोडणं सोपं असतं. महिन्यानं गेलं तर बोट कायमचं आखडतं. पोटात किंवा मांडीत पातं रुतून बसलं असेल तर ते ओढून काढू नका, हलू न देता तसंच घेऊन जा. आणि बोट तुटून वेगळं झालं तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर गोठून निकामी होतं. १०८ ला फोन करताना बोट तुटलंय हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे शिवणारे डॉक्टर आहेत अशा मोठ्या रुग्णालयाकडे न्यायचं ठरवता येतं.

“धनुर्वाताचं इंजेक्शन फक्त गंजलेल्या लोखंडानं कापल्यावर”

या एका वाक्यासाठी हा सगळा लेख लिहावा असं मला वाटलं.

धनुर्वात गंजामुळे होत नाही. तो होतो क्लॉस्ट्रिडियम टेटनी नावाच्या जिवाणूमुळे, आणि त्याचे बीजाणू माती, धूळ आणि जनावरांच्या शेणात असतात. उन्हातान्हात वर्षानुवर्षं टिकतात. गंजलेला खिळा बदनाम झाला, कारण तो बहुतेक वेळा मातीत पडलेला असतो आणि खोल टोचतो. खोल जखमेत हवा पोचत नाही आणि या जिवाणूला हवा नसलेलीच जागा लागते. चकचकीत स्टीलची सुरी गोठ्याजवळ पडली होती, कोथिंबिरीची माती लागलेली होती, कोयता दिवसभर मातीवर आपटत होता, तर धोका तेवढाच. उलट गंज असून माती नसेल तर गंजानं वेगळं काही होत नाही. लोखंडाच्या रंगावरून इंजेक्शन ठरवणं म्हणजे चुकीच्या खुणेवर जीव टांगणं.

लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतात. आधी दातखीळ, मान आखडणं, गिळायला त्रास, मग सगळं अंग ताठ होणं. तोवर जखम कोरडी झालेली असते आणि तिची कुणाला आठवणही नसते. हा रोग एकाकडून दुसऱ्याला होत नाही, म्हणून गावातल्या बाकीच्यांनी लस घेतली तरी आपला बचाव होत नाही. आणि तो मातीत असल्यामुळे कधी हद्दपारही होणार नाही. एकदा होऊन बरा झाला तरी पुन्हा होऊ शकतो. ज्याची त्याला लस घ्यावीच लागते.

हिशोब सरळ आहे. लहानपणीचे डोस पूर्ण असतील आणि १०, १६ वर्षांची इंजेक्शनं झाली असतील, तर पुढे दर १० वर्षांनी एक. स्वच्छ, वरवरची जखम झाली आणि शेवटच्या डोसला १० वर्षं झाली नसतील तर लगेच लागत नाही. जखम मातीची, शेणाची किंवा खोल असेल तर ही मुदत ५ वर्षं धरतात. सरकारी दवाखान्यात आता ‘टीटी’ऐवजी ‘टीडी’ मिळतं. त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते, आणि ते मोफत असतं.

आपल्या भागात खरी अडचण आहे ती पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या पुरुषांची. बायकांना निदान गरोदरपणात इंजेक्शनं मिळाली. देशात सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं १९८५ मध्ये. त्याआधी जन्मलेल्या, शाळा लवकर सुटलेल्या, सगळा जन्म कोयता आणि खुरपं हातात असलेल्या माणसानं तीन डोसांचा पहिला क्रम कधीच पूर्ण केलेला नसण्याची शक्यता मोठी. जखम झाल्यावर घेतलेलं एकच इंजेक्शन त्याला तेव्हाच्या तेव्हा वाचवत नाही, कारण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो. अशा माणसाला मातीची जखम झाली तर लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या तयार घटकांचं, वेगळं इंजेक्शनही लागतं. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, पण त्यासाठी त्यांना माहिती हवी. म्हणून दवाखान्यात गेल्यावर “कोयता लागला” एवढ्यावर थांबू नका. जखम कशानं, कुठं झाली, माती-शेण होतं का, आणि आधी धनुर्वाताची इंजेक्शनं कधी झाली, किंवा कधीच झाली नाहीत, हे स्वतःहून सांगा. पहिला डोस मिळाला की दुसरा चार आठवड्यांनी, तिसरा सहा महिने ते वर्षभरानं. उसाच्या फडावर असाल तर दुसऱ्या डोसच्या वेळी जवळ जे प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तिथं घ्या, आणि तारीख लिहिलेला कागद कोपीत न ठेवता आधार कार्डाबरोबर ठेवा.